नाटकात ‘म्हणे’ कुठे ठेवायचं?

मोठी आई ही गोष्ट सांगते तेव्हा ती पाच मिनिटांत संपते. सूप हातात असतं, तांदळातले खडे वेचणं चालू असतं आणि त्याच लयीत ती बोलते: “पोळ्याच्या आदल्या दिवशी थोरले मामाजी नदीपलीकडच्या बाजाराले गेले. बैलांसाठी झूल घेतली, घुंगरमाळा घेतल्या. वापस येताना डोंगा पलटला. डोंग्यात नावाड्याचं पोरगंही होतं. नावाड्यानं म्हणे आधी आपलं पोरगं काढलं. मंग वापस गेला तं मामाजी दिसलेच नाई. थोरल्या आत्याबाई दिवाळीवरी रोज घाटावर कंदील नेऊन ठेवे. मंग एक दिवस नाई नेला.”

मोठी आई म्हणजे माझी थोरली काकू. तिचे थोरले मामाजी म्हणजे माझ्या आजोबांचे मोठे भाऊ, माझे थोरले आजोबा, आणि थोरल्या आत्याबाई म्हणजे त्यांची बायको, माझी थोरली आजी. मोठी आई लग्न होऊन या घरात आली त्याच्या कितीतरी आधी हे घडलं. तिने ते तिच्या सासूकडून ऐकलं, मी तिच्याकडून. लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलं की ते पाणी मी स्वतः पाहिलं असावं असं मला वाटायचं. म्हणूनच गावातल्या मंडळाने “यंदा आपलंच नाटक करू, तूच लिही” असं म्हटलं तेव्हा मी क्षणभरही विचार केला नाही. गोष्ट तयार होती. फक्त संवाद घालायचे होते. पुढचे चार महिने ही समजूत मोडण्यातच गेले.

आमचं गाव ब्रह्मपुरी तालुक्यात, वैनगंगेच्या काठी. हा सगळा पट्टा झाडीचा: भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. दिवाळी झाली, धान कापून झालं की मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात, पुढे शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि जिथे मंडई तिथे रात्री नाटक. दहाच्या सुमाराला सुरू होतं आणि उजाडेपर्यंत चालतं. लांबच्या गावांहून आलेल्या पाहुण्यांना रात्री परत जायची सोय नसे, नाटकानेच त्यांची रात्र निघे, असं जुनी माणसं सांगतात. बहुतेक गावं आता गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाहून नाटक कंपनी ठरवतात. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या पानठेल्यावर स्वतःच्या घरात कार्य असल्यासारखा आनंद होता. अशा लोकांपुढे नाटक करायचं म्हणजे थट्टा नाही. आमचा प्रेक्षक तणसावर बसतो, पण पन्नास-पन्नास नाटकं पाहून बसलेला असतो.

रोवणी आटोपली आणि मी लिहायला बसलो. पहिला खर्डा सतरा प्रवेशांचा झाला. मोठ्या आईच्या गोष्टीतलं वाक्य घ्यायचं आणि ते कुणाच्या तरी तोंडी द्यायचं, अशी माझी पद्धत होती. पहिल्याच प्रवेशात थोरले आजोबा बायकोला सांगतात, “तुला ठाऊकच आहे, गेल्या उन्हाळ्यात आपण ही बैलजोडी घेतली, आणि हा तिचा पहिलाच पोळा.” हनुमानाच्या देवळात वाचन ठेवलं होतं. आमचे दिग्दर्शक काकाजी चाळीस वर्षं रंगमंचावर उभे राहिलेले, बहुतेक वेळा खलनायक म्हणून. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि म्हणाले, “मास्तर, तू सांगून रायला. होऊन नाई रायलं.”

मला राग आला. घरी येऊन वही पुन्हा उघडली तेव्हा दिसलं की ते खरं बोलत होते. बैलजोडी कधी घेतली हे बायकोला माहीतच होतं, अज्ञान होतं ते प्रेक्षकाचं. त्या अज्ञानासाठी मी नवऱ्याचं तोंड उसनं घेतलं होतं. कीर्तनकाराला हे करावं लागत नाही. तो अर्जुन होतो, उपरणं सावरून कृष्ण होतो, आणि मधेच दोघांनाही बाजूला ठेवून समोरच्या माणसाला म्हणतो, “बरं का मंडळी, हा अर्जुन कोण?” त्याला तुमच्याशी थेट बोलायची मुभा आहे. नाटकातल्या नवऱ्याला ती नाही. तो आपल्या घरात आहे, तुम्ही तिथे नाही आहात.

मग मी तो प्रवेश नवा लिहिला. नवरा झुलीसाठी पैसे मागतो आणि बायको देत नाही, कारण कवेलू फेरायचे आहेत आणि घर गळतं आहे. बैलजोडी नवी, पोळा पहिला, घरात पैसा कमी, नवऱ्याची हौस मोठी, हे सगळं त्या भांडणातच आलं. अखेर ती पैसे काढून देते. मोठ्या आईच्या गोष्टीत हे भांडण कुठेच नाही. तिथे “झूल घेतली” या दोन शब्दांत सगळं होऊन जातं. पण रंगमंचावर झूल घ्यायला आधी कुणाला तरी पैसे द्यावे लागतात, आणि पैसे देणाऱ्या बाईचं त्या मरणाशी नातं जडतं. हे लिहिताना मी थांबलो. आजीच्या जावेवर मी एक ओझं टाकत होतो, जे तिने कदाचित कधी वाहिलंच नव्हतं.

याहून अवघड वाक्य होतं ते ‘रोज घाटावर कंदील नेऊन ठेवे’. मी बारावीला मराठी शिकवतो. ‘ठेवी’, ‘जाई’, ‘बसे’ हा रीतिभूतकाळ दर वर्षी फळ्यावर लिहितो. पण त्याचं सामर्थ्य मला त्या नाटकाने दाखवलं. ‘ठेवे’ या एका रूपात पोळ्यापासून दिवाळीपर्यंतचे दोन-अडीच महिने मावतात. रंगमंचावर रीतिभूतकाळ नसतो. तिथे जे घडतं ते एकदाच, आत्ता, तुमच्यासमोर घडतं. बाईने कंदील नेला तर तो एकदा नेला. तीनदा नेऊन दाखवला तर तीनदा नेला, आणि तिसऱ्या वेळी मागच्या रांगेतला माणूस बिडी पेटवायला उठतो.

यावर आम्ही आठवडाभर डोकं घातलं. पडद्यामागून “असेच दिवस गेले” म्हणायचं, हा एक मार्ग काकाजींनी सुचवला आणि स्वतःच नाकारला. शेवटी उत्तर मिळालं आमच्याच सांदवाडीत. माझी आई पितळी दिवा घासत होती. बोलत माझ्याशी होती, हात आपोआप चालत होते, कुठे राख लावायची, कुठे फडकं फिरवायचं ते हातांना पाठ होतं. म्हणजे ‘रोज’ दाखवायचं असेल तर कृती पुन्हा-पुन्हा दाखवायची गरज नाही, कृतीची सवय दाखवायची. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला थोरली आजी कंदिलाची काच राखेने पुसते आहे, आणि पुसता पुसता धाकट्या जावेशी धानाबद्दल, पोराच्या तापाबद्दल बोलते. काचेकडे बघतही नाही. मातीच्या तेलाची बाटली हलवून, किती उरलं ते आवाजावरून ओळखते. मग कंदील घेऊन निघते आणि कुणीही तिला “कुठे?” असं विचारत नाही. ते न विचारणं म्हणजे आमचा रीतिभूतकाळ.

“मंग एक दिवस नाई नेला.” हे वाक्य तर मला आजही सुन्न करतं. सांगणारा न घडलेली गोष्टसुद्धा सांगू शकतो. नाटकात न घडलेलं दाखवणार कसं? कंदील न नेणारी बाई ही नुसती बसलेली बाई दिसते. आम्ही असं केलं: तोवरचे घरातले सगळे प्रवेश ढिबरीच्या उजेडात ठेवले, कारण घरात कंदील एकच आणि तो घाटावर. त्या शेवटच्या रात्री ती काच पुसते, कंदील पेटवते आणि छपरीतल्या खुंटीला अडकवते. पहिल्यांदा सगळं घर उजळतं. पोरं त्या उजेडात जेवायला बसतात. संवाद एकही नाही.

डोंगा पलटतो ते मला दाखवायचंच होतं. झाडीपट्टीत लोकांना डोळ्यांपुढे काहीतरी थरारक लागतं, आणि नदी ही आमच्या गावाची नदी. प्लायवूडचा डोंगा केला, दोन निळी लुगडी जोडून चार पोरांनी ती दोन्ही बाजूंनी हलवायची, मधे बुडणारा माणूस. तालमीला बायका-पोरं बघायला आली होती. थोरले आजोबा लुगड्यात हातपाय मारू लागले आणि पोरं खदखदून हसली. मला रडू यायचं बाकी होतं. ग्रीक विचारवंत ॲरिस्टॉटलने या धोक्याबद्दल दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे. होमरच्या ‘इलियड’मध्ये ग्रीक वीर अकिलीज ट्रॉयच्या हेक्टरचा पाठलाग करतो आहे आणि बाकीच्या सैनिकांना थांबायची खूण करतो आहे, हा प्रसंग महाकाव्यात ऐकताना खटकत नाही, रंगमंचावर मात्र हास्यास्पद दिसेल, असं तो म्हणतो. कारण कवितेत पाठलाग करणारा माणूस आपल्याला दिसत नसतो. मोठ्या आईने “डोंगा पलटला” म्हटलं की माझ्या मनात जी वैनगंगा उसळते तिच्यापुढे दोन लुगडी काय करणार? 2020 च्या ऑगस्टअखेर आमच्या भागात महापूर आला. तो ज्याने पाहिला आहे त्याला तर लुगडं दाखवूच नये.

तरीही मी तो प्रवेश काढला नाही, फक्त सुधारला. डोंगा अर्धा विंगेत, अंधार, आरोळ्या, आणि प्रकाशझोतात एकटा नावाडी. एका हाताला स्वतःचं पोरगं, दुसरीकडे थोरले आजोबा. तो दोघांकडे बघतो. क्षणभर थांबतो. मग पोराकडे वळतो. लिहिताना मला तो प्रवेश फार ताकदीचा वाटला होता, आणि तालमीत हसलं कुणीच नाही.

तबला मात्र मधेच बंद पडला.

आमच्या मंडळात जो तबला वाजवतो तो त्या नावाड्याचा नातू. डोंग्यातलं पोरगं म्हणजे त्याचे वडील, आता हयात नाहीत. हे मला माहीत होतं. गावात सगळ्यांनाच माहीत आहे, आणि मोठी आई ही गोष्ट त्याच्यादेखत सांगते तेव्हाही तो शांत ऐकतो. त्या दिवशी त्याने डग्ग्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “असं कोणं पाह्यलं, जी?” मी म्हणालो, आपण ऐकत आलो तेच तर आहे. तो म्हणाला, “मोठी आई ‘म्हणे’ म्हणते.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. मोठ्या आईच्या गोष्टीत तो शब्द होता, दर वेळी होता, आणि मी तो कधी ऐकलाच नव्हता. “नावाड्यानं म्हणे आधी आपलं पोरगं काढलं.” त्या ‘म्हणे’त ती किती गोष्टी राखून ठेवते! मी पाहिलं नाही, मला सांगितलं गेलं, खरं-खोटं देव जाणे, आणि त्या बापाच्या जागी कुणीही हेच केलं असतं. माझ्या रंगमंचावर मात्र एक जिवंत माणूस उभा होता, तो दोघांकडे बघत होता आणि निवड करत होता. पाचशे लोक ते डोळ्यांनी बघणार होते. डोळ्यांनी बघितलेल्या गोष्टीला ‘म्हणे’ कसं लावणार? नट काहीही करो, ते खरंच घडल्यासारखं दिसतं. एका घराला आम्ही मंडईच्या रात्री दोषी ठरवणार होतो, आणि त्याच घरातला मुलगा त्यावर ठेका धरणार होता.

सकाळी मी त्याच्याकडे गेलो. वडील काय सांगायचे, असं विचारलं. “त्याले पाणी आठवे,” तो म्हणाला, “आणि मंग घाटावरची माती. मधातलं काईच नाई.” त्याच्या आजीचं म्हणणं वेगळं होतं. थोरल्या आजोबांनीच पोराला वर ढकललं आणि त्यात त्यांचा हात सुटला, असं ती सांगायची. तिलाही ते कुणीतरी सांगितलेलंच. म्हणजे नदीच्या मधोमध काय झालं ते पाहिलेलं आता कुणीच उरलेलं नव्हतं.

मग मी जुन्या वह्या काढल्या. एम.ए.ला असताना नाट्यशास्त्राचा एक नियम पाठ केला होता आणि तो मला तेव्हा उगाच सोवळा वाटला होता: युद्ध, राज्य जाणं, मरण, नगराला पडलेला वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, प्रवेशकातून, म्हणजे दोन अंकांच्या सांध्यावरच्या पात्रांच्या बोलण्यातून कळवाव्यात. संस्कृत नाटककार भवभूती तर आमच्या विदर्भाचा. त्याने स्वतःचं गाव पद्मपूर सांगितलं आहे आणि ते गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावजवळचं पदमपूर असं मानतात. त्याच्या ‘उत्तररामचरिता’त रामाचा मुलगा लव आणि लक्ष्मणाचा मुलगा चंद्रकेतू यांचं युद्ध होतं, पण आपल्याला ते दिसत नाही. सहाव्या अंकाच्या सुरुवातीला एक विद्याधर, म्हणजे आकाशात फिरणारा अर्धदेव, आणि त्याची बायको वरून बघतात आणि एकमेकांना सांगतात. सातव्या अंकात तोच भवभूती उलटं करतो. रामापुढे नाटकातलं नाटक होतं, त्यात टाकलेली सीता दिसते, आणि राम मूर्च्छित पडतो. आपणच सीतेला टाकलं हे रामाला माहीत होतं. माहीत असणं आणि समोर दिसणं यांतलं अंतर त्या मूर्च्छेएवढं आहे. एकाच नाटकात काय सांगायचं आणि काय दाखवायचं याचा निवाडा त्याने किती जपून केला आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

काकाजींनी आणखी एक वाट सुचवली: दंडारीसारखा, म्हणजे इथल्या लोकनाट्यातल्यासारखा, गाणारा पुढे ठेवू, तो गोष्ट गाईल, बाकीचे करतील. 1843 साली सांगलीला विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, त्यातही कथा सूत्रधाराच्या पदांतूनच चालायची. मी बराच विचार केला आणि नको म्हटलं. सूत्रधार बोलला की लोकांना ते अंतिम वाटतं. तो ‘म्हणे’ म्हणाला तरी लोक त्याच्यावरच विश्वास ठेवणार.

शेवटी नदीचा प्रवेश पूर्ण काढला. आता पडदा उघडतो तो घराच्या छपरीत. थोरली आजी पुरणाची डाळ शिजत घालते आहे. नावाडी येतो, ओला, खांद्यावर पोरगं, हातात भिजलेली झूल. तो सांगतो. काय झालं ते त्याच्या तोंडून, अडखळत, एक वाक्य दोनदा. “मी पोराले धरलं... मी वापस गेलो, वयनी, मी वापस गेलो.” किती वेळाने गेला ते तो सांगत नाही. पुढे, दिवाळीच्या जवळपास, नावाड्याची बायको येते आणि तिची हकीकत सांगते, ज्यात थोरले आजोबा पोराला वर ढकलतात. दोन्ही वेळा रंगमंचावर जे घडतं ते नदीत घडलेलं नाही. घडतं ते एवढंच, की एक बाई ऐकते आहे. पहिल्यांदा ऐकताना तिचा हात डाळीच्या गंजात पळी तशीच धरून राहतो. हे दाखवता येतं. सांगणारा कोण आहे, त्याचा जीव कशात अडकला आहे, ऐकणारीला काय ऐकायचं आहे, हे सगळं पाचशे लोकांना दिसतं आणि ते स्वतः ठरवतात की किती धरायचं. ‘म्हणे’ला आम्हाला जागा सापडली ती अशी. सांगणाऱ्यालाच रंगमंचावर उभं केलं की त्याच्या बोलण्याला ‘म्हणे’ आपोआप चिकटतं.

तबलजीला मी नवा खर्डा वाचून दाखवला. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी तालमीला वेळेवर आला.

नाटकाची रात्र कडाक्याच्या थंडीची होती. थोरल्या आजीची भूमिका करायला वडशाहून एक अनुभवी बाई आल्या होत्या. दोनच तालमी मिळाल्या, तरी विंगेतल्या प्रॉम्प्टरकडे त्यांनी क्वचितच कान दिला. नावाड्याचं सांगणं चार-पाच मिनिटांचं आहे, त्यात गाणं नाही, मारामारी नाही, मला भीती होती. कुणी उठलं नाही. दुसरी हकीकत संपली तेव्हा पुढच्या रांगेतून एका म्हाताऱ्याने मोठ्याने विचारलं, “मंग खरं कोणाचं?”

संहितेत याला उत्तर नव्हतं. बाई थांबल्या, त्या म्हाताऱ्याकडे बघितलं, आणि ठरल्याच्या दोन वाक्यं आधीच काच पुसायला घेतली. मग कंदील खुंटीला लागला, घर उजळलं, पोरं जेवायला बसली. विंगेत तबलजी माझ्या शेजारी उभा होता. त्या प्रवेशाला तबला नव्हताच. दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर दोन तट पडले होते आणि दोघांपाशीही पुरावा नव्हता. मला त्यात समाधान वाटलं. गोष्ट गावात जशी होती तशीच आम्ही ती परत दिली होती.

मोठी आई नाटकाला आली होती, शेवटपर्यंत जागी होती. कसं वाटलं विचारलं तर म्हणाली, “चांगलं झालं, बापू. पण आत्याबाई इतक्या गोऱ्या नव्हत्या.”

गेल्या महिन्यात ती तिच्या पणतवाला हीच गोष्ट सांगत होती. मी ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होतो. पोळा, बाजार, झूल, डोंगा. “नावाड्यानं म्हणे आधी आपलं पोरगं काढलं. कोणी म्हणते, मामाजीनंच त्याले वर ढकललं.” हे दुसरं वाक्य तिच्या गोष्टीत पूर्वी नव्हतं. मग ती पुढे गेली: “आत्याबाई रोज राखेनं कंदिलाची काच पुसे. तेलाची बाटली कानापाशी हलवून पाहे.”

मी वर्तमानपत्र खाली ठेवलं. “मोठी आई, काच न् बाटली मी नाटकात घातली. ते तसं झालं होतं की नाई मले नाई माहीत.”

तिने माझ्याकडे पाहिलं. सूप थांबलं. “तुले नाई माहीत,” ती म्हणाली, “मंग लिवलं कसं?”

पोराने तिचा पदर ओढला, “मंग?” आणि ती पुन्हा खडे वेचत सांगू लागली.